‘आळशी’ म्हटल्या गेलेल्या वाफ्यांविषयी

आयर्लंडच्या पश्चिमेला कॉनेमाराच्या डोंगरउतारांवर संध्याकाळचे ऊन तिरके पडले, की गवताखालून एकाआड एक उंच-सखल पट्टे वर आल्यासारखे दिसू लागतात. गेल्या वर्षी वसंतात मुलीकडे गॉलवेला सहा आठवडे राहण्याचा योग आला, तेव्हा बसच्या खिडकीतून मी ते पहिल्यांदा पाहिले. ती डोंगराचीच घडण असावी असे मुलीला वाटत होते. मला मात्र ते वरंबे आहेत हे दिसताक्षणी कळले, कारण आमच्या बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या बाजूला तांबड्या मातीत रताळ्याचे वेल लावायला आम्ही जे वरंबे ओढतो, त्यांची पावसाळ्यानंतर झिजलेली आकृती नेमकी अशीच दिसते. फरक इतकाच की आमचे वरंबे पुढच्या मिरगाला नांगराखाली जातात आणि तिथले वरंबे पावणेदोनशे वर्षे कोणी मोडलेले नाहीत. ते ओढणारी माणसे १८४५ नंतरच्या दुष्काळात मेली किंवा देश सोडून गेली, आणि त्या चढावर पुन्हा कोणी शेती केली नाही.

या वरंब्यांना इंग्रजीत ‘लेझी बेड’ म्हणतात, म्हणजे आळशी वाफे. हे नाव कष्टकऱ्याने स्वतःच्या कामाला दिलेले असेल असे मला वाटत नाही. बाहेरून आलेल्या जमीनदारांना आणि प्रवाशांना दिसले ते एवढेच, की हा शेतकरी सगळी जमीन नांगरत नाही. वरंब्याखालची जमीन न खणताच बटाटे लावतो. अर्धी जमीन न खणता पीक काढणारा माणूस आळशीच असला पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. ते काम प्रत्यक्ष होताना मी पाहिले, आणि त्या नावाचा मला रागच आला.

मुलीच्या एका सहकारी परिचारिकेच्या घरामागे एक वृद्ध शेतकरी राहतात. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावले. बटाट्याच्या लागणीला तिकडे परंपरेने दोन दिवस मोलाचे मानतात. एक सेंट पॅट्रिकचा, म्हणजे १७ मार्च, आणि दुसरा गुड फ्रायडे. आपल्याकडे मिरग निघाला की पाऊस पडो न पडो, पेरणीचा मुहूर्त म्हणून चार दाणे तरी टाकतात, तसे तिकडे गुड फ्रायडेला निदान काही बेणे जमिनीत जावे असा जुना रिवाज आहे. म्हातारबुवांच्या हातात जे अवजार होते, त्याला ‘लॉय’ म्हणतात. आपल्या खोऱ्याशी किंवा कुदळीशी त्याचे फारसे नाते नाही. अरुंद, लांब पाते, वर जाडजूड लाकडी ठोकळा आणि त्यातून निघालेला लांब दांडा. पाय ठेवायला खाच एकाच बाजूला असते, त्यामुळे माणूस एकाच पायाने खणतो. कोणत्या पायाने खणायचे हे त्या त्या भागातल्या अवजारावर ठरत असे. यावरूनच आयर्लंडात ‘तो दुसऱ्या पायाने खणतो’ असा वाक्प्रचार आला असे सांगतात, आणि त्याचा अर्थ ‘तो आपल्या पंथाचा नव्हे’ असा होतो. कॅथलिक-प्रोटेस्टंट वादाची खूण शेतातल्या अवजारात जाऊन बसावी याची मला गंमत वाटली. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला अशा खुणा लवकर कळतात.

काम असे चालते. गवताळ जमिनीवर साधारण तीन-चार फूट रुंदीचा पट्टा नजरेने किंवा दोरीने आखायचा. त्या पट्ट्याला हात लावायचा नाही. उभ्या गवतावरच शेणखत पसरायचे. समुद्राकाठी शेणखताऐवजी समुद्रातले शेवाळ आणून टाकतात. त्या खतावर बेण्याच्या फोडी वीतभरापेक्षा थोड्या जास्त अंतराने तीन-चार ओळींत मांडायच्या. मग पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी, दीड-दोन फूट रुंदीची जी सरी होणार असते तिथे, लॉयने गवताची जाड ढपली कापायची आणि ती बिजागरीवरच्या झाकणासारखी पट्ट्यावर उलटी करायची. गवतावर गवत येते आणि मधे खत व बेणे झाकले जाते. दोन्ही बाजूंच्या ढपल्या मधोमध भिडल्या की सरीतली मोकळी माती खोऱ्याने वर टाकायची. काही आठवड्यांनी कोंब वर डोकावू लागले, की सरी आणखी खोल करून दुसरी भर द्यायची.

म्हातारबुवांनी पहिली ढपली उलटली तेव्हा मुळे तुटल्याचा ओला, लांबट आवाज आला. पायाने रेटा, दांड्यावर भार, मनगटाला हलकासा पीळ, आणि हातभर लांब ढपली अखंड पालथी. त्यांनी अर्ध्या तासात दहा-बारा फुटांचा पट्टा पुरा केला. माझी पहिली ढपली मधेच तुटली, दुसरी सरीत उलटून पडली, आणि पाच मिनिटांत माझी कंबर बोलू लागली. आळशी वाफा तो हाच.

आता यातले शहाणपण पाहावे. आयर्लंडच्या पश्चिम भागात पाऊस जवळजवळ बाराही महिने भुरभुरत असतो, जमीन थंड, आम्लधर्मी आणि पाणथळ असते, आणि पुष्कळ ठिकाणी वरच्या मातीखाली लोहाचा कडक थर बसलेला असतो, ज्यातून पाणी खाली झिरपत नाही. अशा जमिनीत सपाट लागण केली तर बेणे कुजणार हे सांगायला कृषितज्ज्ञ लागत नाही. उताराच्या दिशेने ओढलेली सरी पाणी वाहून नेते. ती खोल खणताना तो कडक थर फुटतो, आणि पावसाने धुऊन खाली गेलेले खनिज सरीच्या मातीबरोबर पुन्हा वरंब्यावर येते. दोन ढपल्यांमध्ये दबलेले गवत कुजून खत होते. बटाट्याच्या मुळांना मातीची दुप्पट जाडी मिळते आणि खणावी मात्र अर्धीच जमीन लागते. पुढच्या वर्षी त्याच वरंब्यावर बहुधा ओट पेरत. बैल नाही, नांगर नाही, आणि चढ असा की नांगर असता तरी चालला नसता, अशा ठिकाणी एका माणसाने एका अवजाराने माळ लागवडीखाली आणायचा हा मार्ग होता. ॲरन बेटांवर तर मुळात मातीच नव्हती. तिथल्या लोकांनी उघड्या खडकावर वाळू आणि शेवाळाचे थर टाकून, खडकाच्या भेगांतली माती मूठमूठ वेचून वाफे तयार केले, आणि त्यांत बटाटे पिकवले.

आमच्याकडची रीत वेगळी आहे, पण अगदी परकी नाही. बेळगावच्या पश्चिमेला आणि उत्तरेला, उचगाव-बेकिनकेरे-कडोलीच्या पट्ट्यात, बटाटा हे खरिपाचे पीक आहे. उत्तर भारतात तो थंडीत घेतात. आम्ही तो पावसात घेतो, आणि त्या बाबतीत आमचे दुखणे पंजाबच्या शेतकऱ्यापेक्षा आयरिश शेतकऱ्याच्या दुखण्याशी जास्त जुळते. बेणे मात्र पंजाबातून, जालंधरकडून येते. आजोबांच्या वेळी बैलांनी सरी सोडायची, मागून बायकांनी बुट्टीतले बेणे टाकत जायचे आणि पायाने माती लोटायची, असा क्रम होता. पावसाच्या लागणीला आजोबा बेणे कधी कापू देत नसत. ओल्या मातीत कापलेली फोड सडते, म्हणून सुपारीपेक्षा मोठे आणि अंड्यापेक्षा लहान असे अख्खे बटाटे निवडून लावत. आयर्लंडात मात्र फोडीच करतात. प्रत्येक फोडीला एक-दोन डोळे राखून, काप सुकवून, त्यावर चुना किंवा राख लावून. हे काम घरातल्या बायका करत, आणि डोळे काढून उरलेला मधला गर स्वयंपाकाला जाई. पश्चिमेकडे काही ठिकाणी वरंबे आधी तयार करून त्यांत ‘स्टीवीन’ नावाच्या टोकदार काठीने भोके पाडत, आणि मागून पोरे एकेका भोकात फोड टाकत जात. लागणीला आणि काढणीला शेजारपाजारचे लोक एकमेकांच्या शेतात राबत, त्याला तिकडे ‘मेहल’ म्हणतात. मी म्हातारबुवांना सांगितले की आम्ही याला पैरा म्हणतो. त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला आणि विचारले, “पैऱ्याला आलेल्यांना जेवण कोण देतो?” ज्याचे शेत त्याने, असे मी म्हणालो. “मग तोच,” ते म्हणाले.

शब्दांचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगून टाकतो. आपला ‘बटाटा’ गोव्याच्या वाटेने पोर्तुगीजांकडून आला, आणि आमचे कन्नड शेजारीही त्याला ‘बटाटी’च म्हणतात. आयरिश भाषेत तो ‘प्राता’ आहे आणि गॉलवेच्या बाजूला ‘फाता’. दक्षिण अमेरिकेतून निघालेले एक कंदमूळ जिथे जिथे गेले, तिथे तिथे आपले नाव थोडे झिजवत गेले.

आयरिश गरिबाचे बटाट्याशी असलेले नाते आमच्यापेक्षा फार निकटचे होते. आमच्याकडे तो विकायचे पीक आहे. घरात भाकरी, भात आणि नाचणी होतीच. तिकडे १८४५ च्या आधी तीसेक लाख लोक जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत होते. अंगमेहनत करणारा प्रौढ माणूस दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई, सोबत ताक आणि मीठ. उकडलेले बटाटे उथळ टोपलीत ओतत, पाणी निथळून जाई, आणि टोपली मधे ठेवून सगळे घर भोवती बसे. बटाटा मुद्दाम पुरता शिजवत नसत; आत थोडा कडक गर राखत आणि त्याला ‘हाड’ म्हणत, कारण तो पोटात जास्त वेळ टिकतो असा त्यांचा अनुभव होता. जुने बटाटे उन्हाळ्याच्या सुरुवातीला संपत आणि नवे जुलैअखेर येत, तोवरचे आठवडे उपासमारीचे असत. जुलैच्या शेवटच्या रविवारी नवा बटाटा खणून पहिल्यांदा घरात शिजवायचा, हा त्यांचा नवान्नाचा दिवस.

एवढी माणसे एकाच पिकावर का आली, याचे उत्तर मातीत नाही, जमिनीच्या हक्कात आहे. जमीन जमीनदाराची, मजुराला अकरा महिन्यांच्या बोलीने तुकडा मिळे, त्याला ‘कॉनेकर’ म्हणत. एका हंगामाचे पीक काढायचे, खंड द्यायचा, जमीन परत करायची. सुधारणा केली तर खंड वाढे. एवढ्याशा तुकड्यावर घर जगवणारे पीक बटाट्याखेरीज दुसरे नव्हते. हे मला वाचून कळण्यापेक्षा आजोबांच्या आठवणीतून लवकर कळले. आजोबा कूळ होते. बांधावर आंबा लावायचा असे ते दर वर्षी म्हणत आणि दर वर्षी लावत नसत. कर्नाटकातला १९७४ चा कूळकायदा झाल्यावर जमीन त्यांच्या नावावर लागली. उतारा कन्नडमध्ये होता. तो त्यांनी तलाठ्याकडून तीनदा वाचून घेतला, आणि त्याच पावसात चार कलमे लावली. आयर्लंडातल्या कुळांना जमीन विकत घेण्याची मोठी वाट १९०३ च्या कायद्याने खुली झाली. दुष्काळात मेलेल्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.

त्या दुष्काळाचे कारण म्हणून बहुतेक ठिकाणी करपा सांगतात, आणि ते निम्मे खरे आहे. १८४५ च्या उन्हाळ्याअखेर हा रोग आयर्लंडात आला. पानांवर काळसर डाग पडले, आठवड्याभरात झाडे कोलमडली आणि खणलेले बटाटे काळे पडून सडले. १८४६ ला पीक जवळजवळ पूर्ण गेले. १८४७ ला रोग कमी होता, पण बेणेच लोकांनी खाऊन टाकलेले असल्याने लागण फारच थोडी झाली. गरिबांच्या वरंब्यांवर तेव्हा ‘लंपर’ नावाचे एकच वाण पसरले होते. ते पाणचट, बेचव, पण हलक्या जमिनीत भरघोस येणारे. बटाट्याचे बेणे म्हणजे त्याच झाडाचा तुकडा, त्यामुळे सगळ्या वरंब्यांवर जणू एकच झाड उभे होते, आणि ते एकाच रोगाला बळी पडले. पण त्याच वर्षांत आयर्लंडातून धान्य बाहेर जात होते, आणि खंड थकलेल्या कुळांना घराबाहेर काढले जात होते. सुमारे १० लाख माणसे मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती, १८५१ च्या जनगणनेत ती ६५ लाखांवर आली. इतकी माणसे एकट्या करप्याने मरत नाहीत.

तो करपा आमच्याकडे दर दोन-चार वर्षांनी येतो. आश्लेषा-मघात आठ दिवस झड लागली, ऊन पडले नाही आणि हवा थंड राहिली, की पानाच्या कडेला पाण्याने भिजल्यासारखा डाग दिसतो आणि पान उलटे करून पाहिले तर डागाभोवती पांढरी लव असते. आजोबा पान न उलटता वासावरून ओळखत. बांधावर उभे राहून म्हणत, “वास आला.” त्यांचा इलाज बोर्डो मिश्रणाचा होता. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवायचे नाही, म्हणून मातीचे रांजण वापरत. चुन्याची निवळी आणि मोरचुदाचे पाणी एकत्र केल्यावर त्यात विळ्याचे पाते बुडवून पाहत. पात्यावर तांबूस झाक आली तर चुना कमी पडला असे समजून थोडा वाढवत. हे मिश्रण फ्रान्समध्ये द्राक्षांसाठी १८८५ च्या सुमारास निघाले. त्यानंतर आयर्लंडातही मोरचूद फवारण्याची पद्धत रुजली, मात्र तिथे चुन्याऐवजी बहुधा धुण्याचा सोडा घालत. शेताच्या कडेला लाकडी पिंप मांडून त्यात मिश्रण करत. म्हातारबुवांच्या गोठ्यात त्यांच्या वडिलांचा पाठीवरचा तांब्याचा पंप अजून आहे, आतून मोरपंखी निळा पडलेला. मी त्यांना विळ्याच्या पात्याची गोष्ट सांगितली, तर त्यांनी आत जाऊन एक जुनी सुरी आणून दाखवली. आता तिकडे हवामान खात्याकडून करप्याचा इशारा येतो. तापमान आणि दमटपणा इतके तास अमुक पातळीवर राहिले की रोग पसरतो, असे नियम ऑस्टिन बर्क या त्यांच्या हवामानतज्ज्ञाने १९५० च्या दशकात बसवून दिले, ते अजून उपयोगी पडतात. आमच्याकडे असा इशारा अजून आजोबांच्या नाकाइतका वेळेवर येत नाही, ही माझी तक्रार समजावी.

साठवणीचे थोडक्यात सांगतो. आयर्लंडात काढलेले बटाटे शेतातच लांबट, उतरत्या छपरासारख्या ढिगात रचत, वर पेंढा किंवा लव्हाळा, त्यावर मातीचा थर चोपून बसवत. हिमापासून आणि उजेडापासून बचाव होई. पुण्याकडे मंचर-खेडच्या भागात बटाट्याची अरण लावतात, ती कल्पना याच्या जवळची आहे. पण तिथे लढाई थंडीशी नसून उन्हाशी असते.

परत आल्यावर मला राहवले नाही. परड्यामागच्या एका गुंठ्यात, जिथे वर्षानुवर्षे गवत वाढले होते, मी दोन आयरिश वाफे करायचे ठरवले. लॉय नव्हता, फावड्यावरच काम भागवले. पहिली अडचण ढपलीची. तिकडचे गवत बारमाही ओलाव्याने जाड घोंगडीसारखे विणलेले असते. आमचे गवत चार महिन्यांचे. मुळे विरळ आणि तांबडी माती भुसभुशीत. उचललेली ढपली हातातच विस्कटली. तरी गवत कापून पालथे घातले, शेणखत टाकले, बेणे मांडले, सरीतली माती वर ओढली. मृगात पाऊस झाला, आर्द्रात कोंब आले, आणि श्रावणात मोठी झड लागली तेव्हा माझ्या वाफ्यांत पाणी थांबले नाही. शेजारच्या सऱ्यांत घोटाभर पाणी होते आणि माझी झाडे हिरवीगार उभी होती, म्हणून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून आयर्लंडची माहिती देत असे.

गणपतीनंतर पाला वाळला आणि काढायला घेतले. पहिल्या झाडाखाली सात बटाटे निघाले. सातांपैकी पाचांना भोके. दुसऱ्या झाडाखाली तोच प्रकार, आणि मातीत इंग्रजी ‘सी’च्या आकारात वळलेल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या. हुमणी. न कुजलेले गवत आणि कच्चे शेणखत मी स्वतःच्या हाताने तिच्यासाठी पानात वाढून ठेवले होते. गवत मोडलेल्या जमिनीत पहिल्या वर्षी किडा फार लागतो, हे म्हातारबुवांनी सांगितले होतेच. त्यांच्याकडे तो तारेसारखा बारीक असतो, आणि मी ते केवळ त्यांच्या देशापुरते आहे असे धरून चाललो होतो.

बांधावर शेजारचे आप्पा उभे होते. त्यांनी एक बटाटा उचलला, भोकात करंगळीचे नख घालून पाहिले आणि विचारले, “मास्तर, तिकडं हुमणी नाही काय वो?”

मुलीला फोनवर सांगितले, तर तिने म्हातारबुवांना विचारून निरोप दिला, की वरंबा मोडू नका, गवत आता कुजले असेल, पुढच्या वर्षी त्याच वरंब्यावर दुसरे पीक घ्या. ते ओट म्हणाले होते. मी रताळ्याचे वेल लावणार आहे.